चष्म्याच्या दुकानासमोरची गाडी

चष्मेवाल्यांची गाडी वर्षानुवर्षं त्यांच्या दुकानासमोर उभी होती. ती कुठे जात नसे. शेजारच्या बूटवाल्यांच्या गिऱ्हाइकाने तिथे गाडी लावू नये, एवढंच तिचं काम, आणि ते ती इमानेइतबारे करत होती. बूटवाल्यांनीही त्याच हेतूने आपली जुनी व्हॅन दारात आडवी घातली होती. सगळ्या बाजाररस्त्याची हीच रीत. गिऱ्हाईक का येत नाही, यावर व्यापारी मंडळाच्या बैठकीत मात्र दर वेळी एकमत होई : गाड्या लावायला जागा नाही.

चष्मेवाल्यांच्या मुलाने तर निर्वाणीचं सांगून टाकलं होतं, "बाबा, महिनाअखेर दुकान गोदामाला देऊ. दिवसभर माश्या मारत बसता, त्यापेक्षा घरी बसा." घरी बसायची नुसती कल्पनाही चष्मेवाल्यांना नकोशी वाटे. पण मुलाला उलट काय बोलणार? माश्या तर ते खरोखरच मारत होते.

अशात त्यांची भाची नगरपालिकेच्या नियोजन खात्यातून नकाशा घेऊन बैठकीला आली. आठवडाभर रस्ता गाड्यांना बंद करून पाहायचा, मधे बाक आणि कुंड्या मांडायच्या, लोकांना मोकळेपणी चालू द्यायचं, अशी तिची योजना.

"अगं, पण गिऱ्हाईक गाडी लावणार कुठे?" बूटवाले कडाडले.

"आत्ता कुठे लावतात?"

"जागाच नसते ना!"

"मग बाहेर उभ्या आहेत त्या गाड्या कुणाच्या, काका?"

सगळे एकदम छताकडे बघू लागले.

"मामा, तुम्ही तरी बोला," भाची म्हणाली.

मामांना गोदाम आठवलं. "होऊन जाऊ दे," ते पुटपुटले, आणि हे आपणच बोललो याची त्यांना धास्तीच वाटली.

ठरल्या दिवशी रस्ता मोकळा करायला निघाले, तर चष्मेवाल्यांची गाडी अर्थातच सुरू होईना. शेवटी बूटवाल्यांनीच मागून खांदा लावला. "एवढी वर्षं हिला शिव्या घातल्या, आणि आज ढकलायचं पुण्यही माझ्याच नशिबी!"

गाडी हलली आणि दुकान दिसू लागलं. दुपारी एक बाई आत शिरल्या. "नवीनच दुकान टाकलंत वाटतं?"

"हो... तसं नवीनच," चष्मेवाले म्हणाले. खोटं बोलायची सवय नसल्याने त्यांचे कान लाल झाले.

एक गोष्ट मात्र भाचीच्या नकाशात आली नव्हती. बाक मांडल्याबरोबर सगळे दुकानदारच त्यांवर जाऊन बसले. जन्मभर काउंटरमागून रस्ता पाहिलेली माणसं ती. रस्त्यावरून आपलं दुकान कसं दिसतं, हे बघता बघता त्यांचा दिवस सरे.

"मामा, हे बाक लोकांसाठी आहेत हो!"

"मग येऊ देत की. आम्ही सरकून बसू."

त्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी मुलगा आला तो गोदामवाल्याला दुकान दाखवायचं ठरवूनच. पाहतो तर काउंटरमागे कुणी नाही. दोन मुली फ्रेमा लावून आरशात बघत होत्या. एक आजोबा भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मोठ्याने वाचून स्वतःलाच शाबासकी देत होते.

"अहो, ही खालची ओळ दिसत नाही. बघा जरा," त्यांनी मुलाचीच बाही धरली.

"बाबा! गिऱ्हाईक आलंय!" मुलगा दारातून ओरडला.

"मग बघ की!"

"मला काय कळतंय त्यातलं!"

हे ऐकून चष्मेवाले बाकावरून असे उठले, की बूटवाले दचकले. त्यांनी आजोबांना खुर्चीत बसवलं, नाकावर चाचणीची फ्रेम चढवली आणि एकेक भिंग बदलू लागले. "आता? आणि आता?" हातांना काहीच विसर पडला नव्हता. आजोबांनी खालची ओळ खणखणीत वाचली.

तेवढ्यात मुलाचा फोन वाजला. "बाबा, गोदामवाला कोपऱ्यावर येऊन थांबलाय. काय सांगू?"

"सांग, आत्ता गिऱ्हाईक आहे. वेळ नाही."

हे वाक्य कितीतरी वर्षांत त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. ते इतकं छान वाटलं, की त्यांनी ते पुन्हा एकदा, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं.