पाणंदीच्या मधोमध

मी एक काळा दगड. माझ्या पाठीला शेंदूर आहे आणि पोटावर माणसांची नावं. हे दोन्ही एकाच दगडाच्या वाट्याला कसं आलं, ते सांगतो.

खाणीतलं मला फार आठवत नाही. आठवतं ते मोशीचं गोदाम. तिथे मला कापून, घासून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. चऱ्होलीतल्या एका नव्या फ्लॅटमध्ये मी स्वयंपाकाचा ओटा होणार होतो. पण माझ्या अंगावर एक पांढरी रेघ आहे, वरून खाली वाकडीतिकडी गेलेली. फ्लॅटच्या बाईंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "दूध उतू गेल्यासारखं दिसतंय. मी आयुष्यभर पुसतच बसेन. दुसरा दाखवा."

त्यानंतर बरेच जण आले. सगळ्यांनी दुसरा पाहिला.

मग सोपानराव आले. चाकणच्या पुढच्या एका गावचे, फौजेतून निवृत्त झालेले, आता एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला. त्यांनी रेघेवरून तळवा फिरवला. "मारुतराव गेला त्या नदीचा नकाशा असाच दिसायचा," ते गोदामवाल्याला म्हणाले. "हाच द्या."

मारुतराव त्यांचे मित्र. दोघे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काँगोला गेले होते. डोक्यावर निळं हेल्मेट, हातात बंदूक, पण ती चालवायची नाही. दोन टोळ्या भांडत असतील तर त्यांच्या मध्ये जाऊन उभं राहायचं. असंच एकदा नदीकाठी उभे असताना मारुतराव गेले. गोळी कोणाकडून आली ते कळलंच नाही.

गावात शाळेपाशी हुतात्म्यांचा स्तंभ आहे. त्यावर मारुतरावांचं नाव घालायचं ठरलं तेव्हा एकजण म्हणाला, "पर ही लढाई कुठं व्हती?" दुसरा म्हणाला, "आन् आपल्या देशासाठी तरी कुठं?" विषय तिथेच राहिला. मारुतरावांची बायको, छबूबाई, त्या सभेत मागे बसली होती. बाहेर आल्यावर सोपानरावांनी तिला शब्द दिला, "वहिनी, नाव लागंल. लोकांना वाचता येईल अशा जागी लागंल."

तो शब्द म्हणजे मी. शांतिसेनेत कामी आलेल्या आसपासच्या गावांतल्या जवानांची नावं माझ्यावर कोरली. मारुतरावांचं पहिलं, पांढऱ्या रेघेला लागून. नावं कोरायला काही दिवस लागले. मला उभं करायला मात्र जागा मिळेना.

पहिली जागा रणजीतने सुचवली. गावातली सगळी कामं त्याच्याच ओळखीने होतात. "काका, हायवेच्या चौकात टाकू. रोज लाखभर माणूस बघंल."

चौकात माणूस होता, पण थांबत कोणी नव्हतं. कंटेनर, कंपनीच्या बस, रिक्षा. सगळे सिग्नलकडे बघत. आठवड्याभरात कोणीतरी माझ्या अंगावर वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला. माझी उंची त्याला बरोबर बसत होती.

छबूबाई बघायला आली त्या दिवशी फ्लेक्स तसाच होता. गुडघ्यांमुळे तिला रस्ता ओलांडता येईना. ती पलीकडेच उभी राहिली. डोळ्यांवर हात धरून तिने विचारलं, "भावजी, ह्यांच्या नावावर कोन हसतंय?"

सोपानरावांनी त्याच संध्याकाळी फ्लेक्स फाडला. पुढे रस्ता रुंद करायचं निघालं आणि मला काढलं. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं नाही.

दुसरी जागा सोपानरावांच्या कंपनीतली. साहेब भले होते. आतल्या बागेत, कारंज्याशेजारी मला उभं केलं. हिरवळ, सावली, रोज पाण्याने आंघोळ. छबूबाई आली तेव्हा सोपानराव सुट्टीवर होते. गेटवर नवा मुलगा होता.

"आजी, कोणाला भेटायचंय?"

"नवऱ्याला."

"कोणत्या डिपार्टमेंटला असतात?"

"दगडावर."

मुलाने कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आजी, शिफ्ट सुटली की तेच येतील की बाहेर. बसा तिकडं सावलीत."

ती बसली. शिफ्ट सुटली, बस भरून गेल्या. कोणी आलं नाही, तेव्हा ती उठून घरी गेली. सोपानरावांना हे दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी साहेबांची परवानगी काढली. टेम्पो बोलावला.

"वहिनी, आता तुझ्या अंगणातच आणतो."

छबूबाईचं घर पाणंदीच्या टोकाला. दोन शेतांच्या मधून जाणारी बैलगाडीची जुनी वाट ती पाणंद. तिच्या एका बाजूला हिंदुराव, दुसऱ्या बाजूला अण्णासाहेब. चुलत भाऊ. शेतात आता शेत नाही, कामगारांसाठी बांधलेल्या खोल्या आहेत. जागेचा भाव वाढला तसं दोघांनीही तारेचं कुंपण वाटेवर सरकवलं. एकाने वीतभर, की दुसऱ्याने हातभर. वाट इतकी आकसली की माझा टेम्पो तोंडाशीच अडकला.

"पुढं न्हाई जात," ड्रायव्हर म्हणाला. मग मला तिथेच उतरवलं, पाणंदीच्या तोंडावर, बरोबर मधोमध. अक्षरं खरचटू नयेत म्हणून पोत्यांवर पालथं घातलं. "दोन दिवसांत माणसं जमवून आत नेतो," असं म्हणून सोपानराव गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या शिफ्टला जाणाऱ्या बायका त्या वाटेने निघाल्या. वाटेत काळा दगड बघून त्यातली एक थबकली, चप्पल काढली आणि नमस्कार केला. मागच्यांनीही केला. दुपारपर्यंत हळद-कुंकू आलं. तिसऱ्या दिवशी पाठीवर शेंदूर होता, आणि फुटलेला नारळ. कोणी लावला, कोणी फोडला, मी पालथा असल्यामुळे पाहिलं नाही. ओट्याचा मी, एकदम देव झालो.

त्याच दिवशी अण्णासाहेबांनी भिंतीचा पाया खणायला जेसीबी आणला. हिंदुराव काठी घेऊन धावत आले.

"माझ्या हद्दीत बकेट घातलंस तर बघ!"

"तुझी हद्द? लाज वाटती का? निम्मी पाणंद खाल्लीस तू!"

"आन् उरलेली निम्मी कुनी खाल्ली, उंदरानं?"

जेसीबीवाला मात्र खाली उतरून चप्पल काढत होता. "अण्णासाहेब, देवाला बकेट लावायचं काम आपल्याच्यानं व्हायचं न्हाई."

एवढ्यात सोपानराव पोचले. "अरे, हा देव न्हाई. पाटी हाय. खाली नावं हायत."

"काका, खालचं मला काय दिसतंय? वर शेंदूर दिसतोय."

जेसीबी परत गेला. हिंदुरावांनी काठी खाली घेतली. त्यांनाही माझ्या पलीकडे पाऊल टाकायचं धाडस होईना. आरडाओरडा ऐकून छबूबाई बाहेर आली होती. तिच्याकडे वळून सोपानराव मोठ्याने हसले. "वहिनी, बघ. मारुतराव तिकडं जे करायचा, तेच हा हितं करतोय."

पण आता पेच पडला. मला उचललं तर जेसीबी पुन्हा येणार. नाही उचललं तर नावं मातीकडे. छबूबाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तसाच. भांडान थांबलंय ना? ह्यांचं काम चालू हाय म्हनायचं."

सगळे गेल्यावर ती माझ्याशेजारी बसली. दोन पोत्यांच्या मधल्या फटीतून तिने बोटं आत सारली. कोरलेलं अक्षर चाचपत होती. नाव हातभर आत होतं. बोटं पोचली नाहीत.

नावांपुढे काढलेल्या चपला विसरून गेलेले सोपानराव त्या घ्यायला परत आले होते. त्यांनी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन्ही भावांना बोलावलं. छबूबाईच बोलली. "मला ह्यांचं नाव वाचायचंय. दगड हितंच उभा करायचा. दोन्ही अंगानं गाडी जाईल एवढी वाट सोडा. तुमचं भांडान तुमी नंतर करा."

"त्यानं सोडली तर मी सोडतो," हिंदुराव म्हणाले.

"आधी त्यानं," अण्णासाहेब म्हणाले.

सोपानराव दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. पाय थोडे फाकलेले, हात मागे. "तिकडं बंदुका खाली ठेवायच्या म्हटल्या की आधी कोन, यावरच गाडं अडायचं. मग आमी मदी उभं ऱ्हायचो आन् दोघांनी एकदम ठेवायच्या. धरा आपापला खांब."

दोघांनी आपापल्या कुंपणाचा पहिला खांब धरला. एकमेकांवरची नजर काही हलली नाही.

"एक, दोन, तीन."

दोन्ही खांब एकदम उपटले गेले. मग दुसरे. मग तिसरे. सोपानराव दर वेळी मध्ये उभे, दर वेळी तीनपर्यंत मोजत.

मला उभं करताना दोघांनी दोरीची दोन टोकं धरली. मी वीतभर इकडे झालो की एक ओरडे, तिकडे झालो की दुसरा. त्यांच्या त्या भांडणामुळेच मी इतका नेमका मधोमध आलो आहे. बागेत किंवा चौकात मला इतक्या काळजीने कोणी उभं केलं नव्हतं.

आता माझी नावं रस्त्याकडे आहेत आणि शेंदूर पाणंदीकडे. शिफ्टच्या बायका मागून नमस्कार करतात आणि पुढे येऊन नावं वाचतात. काही जणी बस येईपर्यंत मोठ्याने वाचतात. रणजीतने एकदा फ्लेक्स आणला होता. शेंदूर बघून परत घेऊन गेला.

हिंदुराव आणि अण्णासाहेब अजून बोलत नाहीत. समोरासमोर आले तर एक माझ्या डावीकडून जातो, एक उजवीकडून. पण कुंपण पुन्हा सरकलं नाही. सोपानराव म्हणतात, तिकडेही एवढंच साधायचं, आणि त्यालाच शांतता म्हणायचे.

छबूबाई रोज येते. तिने शेजारी एक उलटं घमेलं ठेवलं आहे, बसायला. पांढऱ्या रेघेवरून तिचं बोट खाली येतं आणि नावापाशी थांबतं. आता ते पोचतं.

तुम्ही या वाटेने आलात तर गाडी हळू घ्या. मध्ये कोणीतरी उभं आहे.