आधीपासून होतं

काका जिभेवर बोट ओलं करायचे आणि पान उलटायचे. त्या पानावर कुणाच्या कफाचा रंग लिहिलेला असे, कुणाच्या जखमेतल्या पुवाचं वर्णन. मग तेच बोट बिस्किटांच्या पुड्यात. पहिल्या दिवशी मी मान फिरवली. महिन्याभरात सवय झाली. किळस गेली याचं मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

काका म्हणजे रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाचे प्रमुख. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या आम्ही दोघी. एक मी, पंचेचाळिशीत पुन्हा पुस्तक उघडलेली, आणि दुसरी माझ्या निम्म्या वयाची चष्मिस. डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहिलेल्या प्रत्येक दुखण्याला पुस्तकातला नेमका कोड द्यायचा, हे आमचं काम. नुसतं ‘जखम’ लिहून भागत नाही. कुठे, किती खोल, डावीकडे की उजवीकडे, सगळं बघावं लागतं. मला ते जपासारखं वाटायचं. एक मणीसुद्धा गाळायचा नाही.

रोज सकाळी दिव्यासमोर मी एवढंच मागते, की आज माझ्या तोंडून कुणाची निंदा होऊ नये. अकरा वर्षांचा नेम आहे. धाकटे दीर चेष्टा करतात, “वहिनींना घरात चोर दिसला तरी म्हणतील, बिचारा वाट चुकला.”

प्रत्येक कोडपुढे एक चौकट असते. रुग्ण दाखल झाला तेव्हा हे दुखणं आधीपासून होतं का? हो, नाही, किंवा नोंदीवरून कळत नाही. बेडसोरच्या, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेच्या बाबतीत, या चौकटीला फार वजन. ‘नाही’ लिहिलं, तर जखम रुग्णालयात झाली असा सरळ अर्थ.

“सत्तरीच्या पुढचं माणूस आणि बेडसोर? डोळे मिटून ‘हो’ टाका,” काकांनी शिकवलं होतं. “पानं चाळत बसलात तर हा ढीग कोण उपसणार, माझा सासरा?”

आम्ही हसलो होतो. आणि मी चाळीसेक फायलींवर डोळे मिटून ‘हो’ टाकलं होतं.

गुरुवारी दुपारी खिडकीपाशी एक बाई येऊन उभी राहिली. हातात आमच्याच संगणकातून निघालेला कागद. घड्यांवर फाटायला आलेला.

“ताई, हे कुणी लिहिलंय?”

तिचं बोट ‘बेडसोर – आधीपासून होतं’ या ओळीवर होतं. खाली माझ्या सहीची दोन अक्षरं.

“का हो, काय झालं?” मी विचारलं.

“सासूबाई चार वर्षं अंथरुणाला होत्या. दर दोन तासांनी मी कूस बदलायचे, गजर लावून. अंगावर लाल ठिपका उठू दिला नाही. तापासाठी इथे आणलं, एकोणिसाव्या दिवशी गेल्या. आता नणंदबाई हा कागद घरोघर दाखवत फिरतात. म्हणतात, ‘सून कसली, वैरीण! माझ्या आईला घरातच सडवली.’” तिने श्वास घेतला. “परवा मामंजींना घेऊन जाणार आहेत. माझ्या हाताखाली ठेवायचं नाही म्हणून. ते जायला तयार नाहीत. मला विचारतात, ‘माझं काही चुकलं का गं?’ काय सांगू?”

मी तिला बाकावर बसवलं आणि फाइल काढली.

दाखल करताना परिचारिका एक तक्ता भरते. त्यावर माणसाची आकृती छापलेली असते, पुढून आणि पाठीमागून. जिथे जखम तिथे फुली. या आकृतीची पाठ कोरी होती. बाजूला लिहिलं होतं, ‘त्वचा चांगली. घरी काळजी नीट घेतलेली दिसते.’ खाली डॉक्टरांची सही.

पहिली फुली अकराव्या दिवशी, माकडहाडाच्या वर. तेराव्या दिवशी ‘घाण वास. कूस बदलायला माणूस नाही.’ पंधराव्या दिवशी ‘चादर जखमेला चिकटलेली.’ सतराव्या दिवशी ‘हाड दिसते.’

बेसिनशी जाऊन मी तोंडावर पाणी मारलं, तरी तो वास जाईना, जो मी कधी घेतलाच नव्हता. अकरा वर्षं तोंड सोवळ्यात ठेवलं, आणि या हाताने एका परक्या बाईची अशी निंदा केली, की ती घरोघर वाचली गेली. तीही छापील.

मी तक्ता काकांपुढे ठेवला. त्यांनी बोट ओलं केलं, पान उलटलं, परत उलटलं.

“बंद फाइल आहे ही. गेलेलं माणूस परत येतं का?”

“नाही येत. पण एका म्हाताऱ्याला परवा घराबाहेर काढतायत.”

“ते त्यांच्या घरचं. वॉर्डवाल्यांना हे आवडायचं नाही, बाई. आणि तुमच्या प्रमाणपत्रावर सही माझी लागते, लक्षात आहे ना?” त्यांनी पुडा माझ्याकडे सरकवला. “बिस्किट घ्या. डोकं थंड होईल.”

पुड्याच्या कडेला त्यांच्या थुंकीचा ओला ठसा होता. पहिल्या दिवसाची किळस जशीच्या तशी परत आली.

चष्मिस कुजबुजली, “काकू, जाऊ द्या ना. शिकण्यातले सहा महिने फुकट जातील.”

चुकीची नोंद खोडायची नसते, हा आमच्या पुस्तकातला पहिला धडा. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची आणि कारण, तारीख, सही घालायची. मी डॉक्टरांच्या नावे विचारणा-चिठ्ठी लिहिली आणि फाइल घेऊन जिना चढले. डॉक्टरांनी आपलीच सही पाहिली. मग लिहिलं, ‘दाखल होताना जखम नव्हती.’

खाली येऊन मी चौकट बदलली. कारणाच्या जागी लिहिलं, ‘मी तक्ता न बघता नोंद केली होती.’ नवा कागद काढून खिडकीतून पुढे केला.

तिने तो दोनदा वाचला. मग खालची अक्षरं बघितली. आधीचीच दोन.

“तुम्हीच लिहिलं होतं ते?”

“हो. मीच.”

माझं बोट लागू नये असा, फक्त कोपऱ्याला दोन बोटांत धरून, तिने कागद माझ्या हातातून ओढून घेतला. नालीत पडलेली वस्तू उचलावी तसा. आणि गेली. तिचं काहीच चुकलं नाही.

मी कपाट उघडून डोळे मिटून ‘हो’ टाकलेल्या बाकीच्या फायली टेबलावर आणल्या. मागून काका म्हणाले, “सही करणार नाही हं मी. आधीच सांगून ठेवतो.”

“नका करू, काका.” माझा आवाज नेहमीसारखाच हळू निघाला. “पण या फायलींना ते बोट लावू नका.”

मी पहिल्या फायलीतला आकृतीचा तक्ता शोधू लागले.