गोचीडमामाचं कापड

माझ्या हाताला काम नसलं की मी भांडते. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून त्या दुपारी आईने मला लेकीच्या उशाशी थांबू दिलं नाही. "नुसत्या येरझाऱ्या घालतेस. पोरीचा जरा डोळा लागला की तुझ्या चपला वाजतात. जा, मशीन चालव," ती म्हणाली. मी मुकाट्याने पुढच्या खोलीत आले. माझं शिलाईचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधलं दार उघडं ठेवलं होतं, आणि मशीन थांबली की आतून चिमणीचं कण्हणं ऐकू यायचं. म्हणून मी मशीन थांबूच देत नव्हते.

चिमणी माझी मुलगी. एरवी शाळेतून आली की दप्तर एका कोपऱ्यात, बूट दुसऱ्या कोपऱ्यात, आणि बाईसाहेब गोठ्यामागच्या उतारावर गवतात लोळायला पसार. आता आठवडा होत आला तरी ताप उतरायचं नाव घेत नव्हता. औषध दिलं की थोडा वेळ अंग निवायचं, पुन्हा चटका बसेल इतकं तापायचं. सकाळपासून मनगटांवर बारीक लाल पुरळ दिसायला लागलं होतं. तिचे बाबा मालट्रक घेऊन लांबच्या खेपेवर होते. त्यांचा फोन आला की मी "बरी आहे हो" म्हणायची आणि फोन ठेवला की उगाच भांडी आपटायची.

दवाखाना रस्त्यापलीकडेच. तिथल्या डॉक्टरीणबाई घाईत औषध देणाऱ्यातल्या नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "गवतात खेळते का ही? गोचीड वगैरे चावला होता का?" मी तोंड उघडायच्या आत आईने उत्तर दिलं.

"इथे कुठला आलाय गोचीड, बाई! माझ्या मुलानेच मोजलेत ना सगळे. आपल्याकडे एक शिल्लक नाही."

बोलताना तिची छाती काय फुगली होती! डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या नकाशाकडे मान वळवली. गोचीड सापडतात तो भाग लाल, सापडत नाहीत तो पांढरा. आमचा भाग धुतल्यासारखा पांढरा होता. "हो, खरंच की," त्या म्हणाल्या आणि त्यांनी साध्या तापाचं औषध लिहून दिलं.

तो नकाशा पांढरा केला होता माझ्या धाकट्या भावाने. तो जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला आहे आणि त्याचं काम म्हणजे गोचीड मोजणं. ऐकून लोक हसतात. चिमणीने तर त्याचं नावच गोचीडमामा ठेवलंय. काठीला बांधलेलं एक पांढरं, लवदार कापड घेऊन तो माळावर, गोठ्यांच्या आसपास, पायवाटांच्या कडेने फिरतो. कापड गवतावरून ओढत न्यायचं. गवताच्या टोकाला टपून बसलेला गोचीड गाय आली समजून कापडाला चिकटतो. थोड्या थोड्या अंतरावर थांबायचं, कापड उलटायचं, चिकटलेले मोजायचे. हे कापड मीच शिवून देते. एका कडेला काठी जाईल अशी नळी, दुसऱ्या कडेला वजनाला वाळूची पट्टी.

पूर्वी तो संध्याकाळी आला की अंगणातच कपडे झटकायला लावायचो, इतके गोचीड असायचे. मग ते कमी होत गेले, आणि ते पटण्यासारखंही होतं. लोकांनी गुरं विकून ट्रॅक्टर घेतले, उरलेल्या गायी गोठ्यातच बांधल्या जाऊ लागल्या, माळावर घरं उठली. मग एका वर्षी त्याच्या कापडावर काहीच येईना. पुढच्या वर्षीही नाही. साहेबांनी पाठ थोपटली, गुरांवरची फवारणी बंद झाली, नकाशा पांढरा झाला. दूधवाला तेवढा म्हणत होता, "अरे, माझ्या कुत्र्याच्या कानात तर आहेत!" पण दूधवाल्याची पावसाबद्दल, रस्त्याबद्दल, स्वतःच्या मेव्हण्याबद्दल रोजच काहीतरी तक्रार असते. "ते बाहेरून आले असतील, काका," म्हणून भावाने विषय मिटवला होता.

तर त्या दुपारी तेच कापड माझ्या मशीनवर होतं. काट्यात अडकून एका कोपऱ्याला फाटलेलं. मी पट्टी लावली, टाके घातले आणि सवयीप्रमाणे वाकून दाताने दोरा तोडला.

तोंड कडू झालं. नाकात गच्च वास भरला, डांबरगोळ्यांचा.

हा वास मला नवा नाही. लोक पेटीतले ठेवणीतले कपडे सैल करायला आणतात तेव्हा दुकानभर हाच वास असतो. मी तोंड पुसत मनातल्या मनात आईला दोन शब्द सुनावले. मुलाला नोकरीत बढती मिळाल्यापासून त्याच्या कामाच्या कापडाचे लाड चालले होते. मोरीत टांगलेलं ते कापड ती धुऊन, इस्त्री करून, त्याच्या कोटाशेजारी कपाटात ठेवायची. कपाटात खालपासून वरपर्यंत डांबरगोळ्या. कसर लागू नये, किडे फिरकू नयेत म्हणून.

किडे फिरकू नयेत म्हणून.

माझा पाय मशीनच्या पायडलवरच थांबला. आतून चिमणी कण्हली. मी कापड उचललं आणि तशीच बाहेर पडले, पायात चपला होत्या की नाही तेही आठवत नाही.

भाऊ कार्यालयाच्या मागच्या खोलीत भाषणाची तयारी करत होता. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब येणार होते आणि गोचीड संपल्याचं तो स्वतः सांगणार होता. मी कापड त्याच्या नाकाला लावलं.

"काय करतेस, ताई? वेडी झालीस का?"

"वास घे."

"डांबरगोळ्यांचा आहे. मग?"

"गोळ्या कशाला ठेवतात कपाटात?"

त्याने मान हलवली. "छे. तो वास उघड्यावर उडून जातो. मी वर्षानुवर्षं हे काम करतोय, ताई. तू पोरीच्या काळजीने काहीबाही..."

"तुझं भाषण गेलं खड्ड्यात! चल माझ्याबरोबर. काही मिळालं नाही तर मी तुझे पाय धरीन."

वाटेत दुकानात शिरून मी त्याच ताग्यातलं कोरं कापड टर्रकन फाडलं आणि केरसुणीच्या दांड्याला बांधलं. मग आम्ही गोठ्यामागच्या उतारावर गेलो, जिथे चिमणी लोळायची. जुनं कापड त्याच्या हातात, कोरं माझ्या. दोघे शेजारी शेजारी ओढत निघालो. लहानपणी आम्ही दोघे असंच पोतं ओढत इथून घसरायचो, पण तेव्हा हसू आवरत नसे. आता मला पळत सुटावंसं वाटत होतं आणि तो म्हणत होता, "हळू, ताई. हळू ओढायचं असतं."

कुंपणाशी पोचल्यावर त्याने आपलं कापड उलटलं. स्वच्छ. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. मी माझं उलटलं.

तीळ सांडावेत तसे तपकिरी ठिपके होते. आणि ते चालत होते.

तो मटकन खाली बसला. एकेका ठिपक्याजवळ बोट नेत राहिला, मोजत नव्हता, नुसतं बोट नेत होता. "बसलास काय? ऊठ!" मी ओरडले. त्याने कापड आतल्या बाजूला नीट दुमडलं, पिशवीत घालून तोंड बांधलं, आणि मग मात्र माझ्याही पुढे धावत सुटला.

धावताना मी आईला काय काय बोलायचं ते ठरवत होते. तुझ्या नीटनेटकेपणापायी. तुझ्या त्या कौतुकापायी. डॉक्टरांपुढे तुला मधे बोलायला कुणी सांगितलं होतं? असं एकेक टोचणारं वाक्य मी जिभेवर तयार ठेवलं होतं.

आम्ही डॉक्टरीणबाईंना घरीच घेऊन आलो. आई चिमणीच्या कपाळावरची ओली घडी बदलत होती. डॉक्टरीणबाईंनी पिशवीत एकदाच डोकावून पाहिलं आणि चिमणीचे केस बटेबटेने बाजूला करायला सुरुवात केली. उजव्या कानामागे, केसांच्या मुळाशी एक काळी खपली होती, मसुराच्या दाण्याएवढी.

"चावलाय," त्या म्हणाल्या. "औषध बदलायला हवं, आत्ताच. अजून वेळ गेलेली नाही." मग त्या भावाकडे वळल्या. त्या चिडल्या होत्या, आणि अर्धा राग त्यांचा स्वतःवरच असावा. "आणि नकाशा? माझ्या भिंतीवर तो पांढरा नकाशा कसा काय लागला?"

मी तोंड उघडलं.

"चूक माझी," भाऊ म्हणाला. "कापड मीच कपाटात ठेवायचो. डांबरगोळ्यांत. खराब होऊ नये म्हणून."

आईचा हात घडीवरच राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग चिमणीच्या कानामागच्या त्या खपलीकडे. घडी पाण्यात बुडवली, पिळली आणि परत कपाळावर ठेवली. तयार ठेवलेलं सगळं मी गिळून टाकलं. मला रडू येत होतं, आणि ते नक्की कुणासाठी ते मला कळत नव्हतं.

नव्या औषधाने दोन दिवसांत ताप उतरला. चिमणीने डोळे उघडून पहिली मागणी केली ती गोचीडमामाला मांडीवर घेऊन बसण्याची, म्हणजे त्याने तिला. भावाने मोठ्या साहेबांपुढे भाषण केलं, पण वेगळं. गोचीड कमी झालेत हे खरं, संपलेले नाहीत, आणि किती कमी झालेत ते मला पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल, एवढंच तो बोलला. मिळालेली बढती गेली. फवारणी परत सुरू झाली, दवाखान्यातल्या नकाशावर आमचा भाग लाल झाला. कोरं कापड आता अंगणातल्या दोरीवर असतं, ऊन-वाऱ्यात.

आईशी त्यावर आम्ही कधी बोललो नाही. तिनेही विचारलं नाही. पुढच्या थंडीत मी माझी लोकरीची शाल काढायला कपाट उघडलं तर आत कसलाच वास नव्हता. सगळ्या फळ्या पुसलेल्या, एकही गोळी नाही. शाल उलगडली, तिला जागोजागी कसर लागलेली. भावाच्या कोटाच्या बाहीची तर चाळण झाली होती.

आई दारात उभी होती. तिचं लक्ष माझ्या तोंडाकडे होतं, मी काय बोलते त्याकडे.

"जुनीच झाली होती शाल," मी म्हटलं, आणि रफू करायला बसले.