तीन शब्दांचं नाटक

"चिडणार नाहीस ना? आधी कबूल कर," ओडील म्हणाली.

"म्हणजे चिडण्यासारखंच काहीतरी आहे," नादीन म्हणाली.

डोनटच्या दुकानातल्या नेहमीच्या टेबलाशी तिघं बसली होती. ओडीलनं मफलर काढलाही नव्हता.

"आपलं नाटक मोठ्या थिएटरनं घेतलंय. फेब्रुवारीत पहिला प्रयोग."

मायरननं टेबलावर अशी थाप मारली की कॉफी हिंदकळली. तो शहरबसचा ड्रायव्हर. आनंद झाला तरी हॉर्न वाजवल्यासारखा व्हायचा. "अगं बये, मग तोंड पाडून काय सांगतेस?"

"नादीनचं काम त्यांची नटी करणार. टोरांटोहून येतेय. आणि मायरन... तुझंही दुसराच कुणी."

"माझ्या जागी येणाऱ्याला बस चालवता येते का, विचार त्याला," मायरन म्हणाला. कुणी हसलं नाही.

"तुम्ही हौशी आहात रे. वाईट अर्थानं नाही म्हणत मी."

"मग चांगल्या अर्थानं म्हणून दाखव," नादीन म्हणाली.

कॅनडातल्या त्यांच्या विनिपेगमध्ये दर जुलैत नाटकांचा उत्सव भरतो. तेव्हा डासांना हाकलत ही तिघं या हॉलमधून त्या हॉलमध्ये पळायची. वाईट नाटकं त्यांना जास्त आवडत, कारण नंतर कडाकडा भांडता येई. ओडील शाळेत नाटक शिकवायची. नादीन दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसून लोकांना पुढच्या तारखा द्यायची. नादीनचा नवरा एमिल छपरं घालायची कामं करी. तोही यायचा, मागच्या रांगेत सूर्यफुलाच्या बिया चघळत बसायचा आणि बाहेर पडताना म्हणायचा, "यांच्यापेक्षा आमच्या छपरावर जास्त नाटक असतं."

मग एमिलला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. उरले तीन शब्द: 'बरं', 'मंगळवार' आणि एक शिवी. मीठ हवं असलं की मंगळवार, खिडकी लावायची असली तरी मंगळवार. शिवी मात्र नेमकी जागच्या जागी यायची.

त्याचंच नाटक करायचं हे नादीननं सुचवलं. चर्चच्या तळघरात जिथे बायका पेरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, भरायला जमतात, तिथेच त्यांनी ते उभं केलं. प्रेक्षक लांब टेबलांभोवती बसत. प्रत्येकापुढे पिठाच्या चकत्या आणि कुस्करलेला बटाटा. ते पेरोगी भरत असताना त्यांच्यामधून नादीन आणि मायरन नवरा-बायको म्हणून वावरत. दोघांच्या तोंडी तेच तीन शब्द, दुसरं काही नाही. लोक आधी हसत. मग हळूहळू त्यांचे पिठातले हात थांबत. आपण नुसतं उभं राहिलो तरी माणसं श्वास रोखून धरतात, हे नादीनला पन्नाशी उलटल्यावर कळलं. त्या उन्हाळ्यात ती काउंटरवरही ताठ बसायला लागली होती.

तालमींच्या काळात एकदा ती बोलून गेली होती. "परवा तो टबात घसरला. मला काही उचलता येईना. म्हटलं त्याला, झटका आला त्या दिवशीच गेला असतास तर दोघंही सुटलो असतो. नुसता बघत राहिला माझ्याकडे. कळलं की नाही, देव जाणे."

मायरननं मान खाली घातली. ओडील हळूच म्हणाली, "नादीन, हे नाटकात..."

"नाही."

"बरं. नाही तर नाही."

हिवाळ्यात ती टोरांटोची नटी नादीनच्या घरी आली. केक घेऊन आली होती. बोलायला गोड पोरगी. स्वयंपाकघरात बसून एमिलचं घास घेणं बघत राहिली, नादीनची चाल बघत राहिली. निघताना तिनं नकळत केस मनगटानं मागे सारले, अगदी नादीनसारखे.

"ही सवय माझ्या आईची आहे," नादीन म्हणाली. "जा घेऊन तीही."

पोरगी हसली. तिला ती थट्टा वाटली.

पहिल्या प्रयोगाला मायरन आला नाही. "ड्यूटी आहे," असं त्यानं फोनवर सांगितलं. ती त्यानं मुद्दाम मागून घेतली होती. दारात मिळालेल्या पत्रिकेवर 'संकल्पना व दिग्दर्शन' म्हणून ओडीलचं नाव ठसठशीत होतं. तळाशी आभारांत 'नादीन आणि मायरन', आडनावांशिवाय.

ओडील लगबगीनं आली. "एमिलसाठी कडेची खुर्ची ठेवलीय हं," म्हणाली आणि कुणा मोठ्या माणसाकडे वळली.

पडदा वर गेला. टेबलं चकचकीत होती. पेरोगी रबराच्या. प्रेक्षक अंधारात, त्यांचे हात मांडीवर. नटी चांगली होती, आणि हेच सगळ्यात वाईट होतं. मायरनच्या जागचा नट पाय ओढत, तोंड वाकडं करत चालत होता. एमिल त्याच्याकडे असा बघत होता, जसं रस्त्यात एखाद्या अपंगाकडे आपण बघतो: थोड्या दयेनं, थोडं चोरून.

मग मंचावर टब आला.

नादीनला वाटलं, उठावं, एमिलला घेऊन बाहेर जावं. पण त्याला उभं करायलाच किती वेळ लागतो. नटी टबाशी गुडघ्यांवर बसली. सगळ्या नाटकात पहिल्यांदाच तिनं चौथा शब्द उच्चारला, पाचवा उच्चारला, अख्खं वाक्य बोलली. "त्या दिवशीच गेला असतास तर दोघंही सुटलो असतो."

सभागृहातून एक उसासा फिरला. मागे कुणीतरी नाक ओढलं.

नादीननं मान वळवली. एमिल मंचाकडे बघत होता. मंचावरच्या उजेडात त्याचा गाल ओला दिसत होता, पण झटक्यापासून तो डोळा असाही पाझरायचा.

"एमिल," ती कुजबुजली. "ते... ती मी नाही रे."

तो काही बोलला नाही. तीन शब्दांतला एकही नाही.

शेवटी दिवे लागले आणि सगळं थिएटर टाळ्या पिटत उभं राहिलं. मंचावर ओडीलला पुढे ओढलं असावं, कारण तिच्या नावाचा गजर झाला. नादीन आणि एमिल तेवढे बसून राहिले. पुढच्या लोकांच्या पाठींपलीकडे त्यांना काही दिसत नव्हतं. नुसते लोकरीचे कोट, कोटांच्या शिवणी.

एमिलनं चांगला हात पुढे केला, तिचा हात तिच्या मांडीवरून उचलला, तळवा उघडून धरला. मग त्यावर आपला डावा हात टाळीसारखा आपटायला लागला. एकदा, पुन्हा, पुन्हा. फार जोरानं. तिचा तळवा लाल झाला, चुरचुरायला लागला.

तिनं तो काढून घेतला नाही.