जिन्यावरच्या खोलीला रंग

व्हर्ना आणि तिची नणंद हेझेल सकाळपासून भिंतीचा जुना कागद खरवडत होत्या आणि जमेल तेवढं एकमेकींनाही. खोली जिन्यावरची, जेमतेम एक पलंग मावेल एवढी. वसंतात व्हर्नाचा नवरा क्लेटन गेला. त्याची ही बहीण हॅलिफॅक्सहून तीन दिवसांसाठी म्हणून आली होती, आणि आज दहावा दिवस होता.

"कागदच लागणार," हेझेल म्हणाली. "आईच्या वेळेपासून इथे कागद आहे."

"एवढ्याशा खोलीत फुलाफुलांचा कागद लावला की भिंती अंगावर येतात. पांढरा रंग द्यायचा."

"खालची नावं बुजवायची आहेत तुला. सरळ सांग ना."

हे मात्र साफ खोटं होतं. या घरात कागद चढवण्याआधी, कामाला हात लावलेल्या प्रत्येकाचं नाव उघड्या भिंतीवर पेन्सिलने लिहीत; कागदाखाली ती टिकत, रंगाखाली कायमची गेली असती. मागचा कागद लागला तेव्हा व्हर्नाच्या लग्नाला सहा महिने झाले होते. खळ तिने शिजवली, पट्टे तिने कापले. नावं लिहिली गेली तेव्हा ती खाली चहा करत होती. "तुझंही लिहिलंय," असं क्लेटन म्हणाला होता, आणि तेवढ्या भरवशावर बाईने एकोणचाळीस वर्षं हेझेलचे टोमणे गिळले. ते नाव एकदा दिसलं की ती मुकाट्याने कागद लावायला तयार होती. पण हे हेझेलला कोण सांगणार?

खिडकीजवळचा मोठा तुकडा सोलून निघाला. खाली तारीख होती आणि तीन नावं. सासरे, क्लेटन, हेझेल.

"तू खोडलंस," व्हर्ना म्हणाली.

"मी कशाला खोडू? अक्षर कोणाचं आहे ते बघ."

अक्षर क्लेटनचं होतं. खाडाखोड कुठेच नव्हती.

"तेव्हा तू कुठे घरातली होतीस," हेझेल म्हणाली. "आता लिही हवं तर. पेन्सिल देते."

व्हर्नाने पेन्सिलकडे बघितलंही नाही. तिने रंगाचा डबा ओढला, झाकण उचकटलं आणि काडीने रंग ढवळायला लागली. तेव्हा कुठे हेझेलचा आवाज उतरला.

"माझं बुजव. त्याचं तरी राहू दे, व्हर्ना."

"त्याचंच आधी," व्हर्ना म्हणाली, आणि तिने ब्रश बुडवला.