झील

रविवारी सकाळी सहा वाजता कावेरीवैनीचा फोन आला, तेव्हा हयवदन सायकलचं पुढचं चाक काढून गाडीच्या मागच्या सीटवर आडवं ठेवत होता.

"हया, आज दासनवमी. पाच वाजता. येणार ना रे?"

"बघतो, वैनी."

"तुझं बघतो मला ठाऊक आहे. वर्षभर बघतोयस. आणि आता कुठं निघालास? डोक्यावर ती उलटी परडी घालून?"

"हेल्मेट म्हणतात त्याला."

"म्हणोत." मग तिचा आवाज खाली आला. "ऐक. डॉक्टर म्हणाले, दोन दोन तास उभं राहून गाणं आता बास. आजचं अण्णांचं शेवटचं. त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. मी तुला सांगितलं हेही सांगू नकोस."

अण्णांच्या मागं आज कोण उभं राहणार, हे हयवदननं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

अण्णा म्हणजे त्याचे थोरले भाऊ कृष्णमूर्ती, हयवदनहून सोळा वर्षांनी मोठे. बनशंकरीत चार रस्ते सोडून राहतात. बेंगळुरूतल्या जुन्या मराठी घरांत त्यांच्या कीर्तनाला मान होता आणि त्यांच्या मागं झील धरायला सत्तावीस वर्षं हयवदन होता. बुवांनी ओळ टाकायची, मागच्यानं ती उचलायची, म्हणजे बुवांना श्वास घ्यायला आणि पुढचं आठवायला वेळ मिळतो. हयवदननं लग्न केलं नाही. शाळेत रसायनशास्त्र शिकवायचं आणि सुटीच्या दिवशी झांज घेऊन अण्णांच्या मागं उभं राहायचं, यात त्याचं आयुष्य भरल्यासारखं होतं. देवाचं नाव कानावर पडतंय, भावाच्या ओळीला आपला आवाज लागतोय, आणखी काय मागायचं असतं माणसानं?

गेल्या दासनवमीला ते सुटलं. ध्रुवाचं आख्यान रंगात आलं होतं. हॉलमध्ये दोनशे माणसं. आर्या संपली आणि अण्णांनी मान जराशी मागं वळवून हळूच म्हटलं, "साकु."

कानडीत साकु म्हणजे पुरे. या शहरातल्या मराठी घरांत हा शब्द भाताच्या डावाइतका रोजचा. आमटी वाढताना साकु, पंखा वाढवताना साकु. पण गाणं चालू असताना, मागच्या माणसाला? त्या महिन्यात दोघातिघांनी अण्णांना ऐकवलं होतं, की मागचाच गळा फार पुढं येतो हल्ली. हयवदननं झांज खाली ठेवली आणि तोंड मिटलं. अण्णांनी ओळ टाकली. कुणी उचलली नाही. पुन्हा टाकली. मग ते एकटेच म्हणत राहिले, पुढचंही आणि मागचंही, आणि शेवटाकडे त्यांचा आवाज फाटला. आरतीनंतर अण्णा काही बोलले नाहीत. हयवदनही बोलला नाही.

त्यानंतरचे रविवार मोकळे पडले. त्यातूनच ही सायकल आली. डांबरासाठी नाही, डोंगरासाठीही नाही. मुरमाच्या, मातीच्या वाटांसाठी केलेली, रुंद टायरांची.

शहराबाहेर हेसरघट्ट्याच्या देवळापाशी गाडी लावून त्यानं चाक बसवलं, टायरातली थोडी हवा सोडली आणि माळावर शिरला. इथं जमीन सपाट, इतकी की आभाळ घोट्यापासून सुरू होतं. गुडघाभर पिवळं गवत, मधून तांबड्या मुरमाची वाट, आणि उजवीकडे लांबच लांब तलाव. पाणी मागं सरलेलं, काठावर भेगाळलेला चिखल. गवतावरून एक भोवत्या पंख न हलवता सरकत गेला. टायरांखाली खडे कुरकुरत होते.

कीर्तनातला माणूस पायडल मारतानाही ठेका धरतो. हयवदनचे पाय दादऱ्यात जात होते आणि तोंडात नेहमीसारखी झीलच येत होती, ओळीचा शेवटचा तुकडा. तेवढीच. सत्तावीस वर्षांत त्यानं पहिली ओळ कधी म्हटलीच नव्हती. पाठ सगळ्या होत्या. पण समोर कुणी ओळ टाकल्याशिवाय त्या गळ्यातून सुटत नसत. त्यामुळं या एवढ्या मोकळ्या माळावर तो तुकडे म्हणत फिरायचा आणि मध्येच गप्प व्हायचा. गप्प झाला की खड्यांचा आवाज मोठा व्हायचा.

पाच वाजता जायचं का? गेलो आणि अण्णांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं तर? नाही गेलो तर अण्णांच्या मागं उभं राहणं आज संपलं, कायमचं. वाट तलावाला वळसा घालून जात होती आणि हा प्रश्नही तसाच वळसे घेत होता.

बांधाच्या टोकाला देवाप्पा भेटला. हा इथला गुराखी. सत्तरी ओलांडलेला, डोक्याला टॉवेल. वर्षभराच्या रविवारांनी दोघांची ओळख झाली होती. बोलणं कानडीत.

"या, सर. आज पण एकटेच?"

"एकटाच."

"एवढी महागाची सायकल आणि मागं बसायला कॅरिअर नाही. मग एकटेच राहणार!" देवाप्पा स्वतःच्याच विनोदावर हसला. "बसा. मज्जिगे घ्या."

त्यानं कॅनमधून ताक ओतलं. स्टीलचा पेला भरत आला तसा हयवदननं हात आडवा धरला. "साकु, साकु."

ओतणं थांबलं. हयवदन पेल्याकडे बघत राहिला. किती लगेच थांबतो माणूस या शब्दावर.

तेवढ्यात एक काळी गाय येऊन देवाप्पाच्या खांद्याला मान घासू लागली. तिला हातानं लोटत तो कौतुकानं म्हणाला, "हिची आई बाळंतपणात गेली. नाने साकि दोड्डदु माड्दे."

मीच पाळून मोठी केली. वाक्य साधं होतं. पण त्यातला एक शब्द हयवदनच्या कीर्तनाच्या कानानं उचलला. साकी. त्याला क्षणभर खरंच वाटलं, की म्हातारा साकी म्हणायला सांगतोय. आर्या, दिंडी, ओवी, तशी साकी. आख्यानात पदोपदी येणारी चाल.

"काय म्हणालास? साकु?"

"साकु कशाला? साकि. पाळून. तुम्हाला गाय पुरे झाली की काय?"

पेला हातात तसाच राहिला. आर्येनंतर दिंडी होती. पण गेल्या वर्षी उशीर झाला होता, सातला हॉल सोडायचा होता. दिंडी गाळली, तर पुढं काय येतं? ध्रुव घर सोडतो तिथं. सुनीती दारात उभी.

बाळ निघाला वनात एकट, दार उघडे मागुती.

साकी. ती साकीच होती.

"ताक आंबट आहे का, सर?" देवाप्पानं विचारलं. "तोंड का असं केलं?"

"नाही रे. गोड आहे." त्यानं पेला खाली ठेवला आणि मोबाइल घेऊन बांधावर चढला. वर एक काडी रेंज होती. अण्णांचा नंबर वर्षभरात एकदाही लावला नव्हता.

"कोण?"

"मी हया."

"बोल."

"अण्णा, गेल्या दासनवमीला, आर्या झाल्यावर, तुम्ही मागं वळून काय म्हणालात?"

"हे आज विचारतोस?"

"सांगा ना."

"साकी म्हटलं. दिंडी सोड, साकी घे. दुसरं काय म्हणेन? आणि तू झांज खाली ठेवलीस."

"मला साकु ऐकू आलं."

मग पलीकडून आवाज आला. हसू होतं की खोकला, कळलं नाही.

"साकु?" अण्णा म्हणाले. "अरे गाढवा. नारदाच्या गादीवर उभा राहून मी तुला साकु म्हणेन?"

"घरात म्हणता."

"घरात आमटीला म्हणतो!" आता ते खरंच हसत होते आणि खोकतही होते. मग थांबले. "मला वाटलं, तुलाच माझं पुरे झालं. लोक म्हणत होते, हयवदनचा गळा बरा आहे, तो वेगळा उभा राहणार. म्हटलं, राहू दे. अडवू कशाला."

"मी कुठं उभा राहणार, अण्णा?"

"ते मला काय ठाऊक. तू बोलला नाहीस."

"तुम्ही तरी कुठं बोललात."

खाली काळी गाय त्याच्या सायकलची सीट चाटत होती. हयवदननं श्वास घेतला. "आज मागं उभा राहू?"

"हया." अण्णांचा आवाज एकदम मऊ झाला, आणि तिथंच त्याला उत्तर कळलं. "वादिराजची मुलगी प्रांजली आहे मागं. दोन महिने रोज येतेय पोर. आज तिला बस म्हणून कसं सांगू? तीही समजेल, की तिचं काही चुकलं."

"नको. नका सांगू."

"तू ये. पुढं बस."

"येतो."

"आणि ती परडी घरी ठेवून ये."

परतीच्या वाटेवर वारा समोरून होता. सपाट माळावर वाऱ्याला आडोसा नसतो. मान खाली घालून रेटत राहायचं. हयवदन रेटत राहिला. तोंडात काहीच आलं नाही, ठेकासुद्धा नाही. एकदा थांबून त्यानं चष्मा पुसला.

पाचला दहा मिनिटं असताना तो हॉलमध्ये तिसऱ्या ओळीत जाऊन बसला. वैनीनं लांबून पाहिलं, पदरानं नाक पुसलं आणि नजर वळवली. अण्णा उभे राहिले. मागं प्रांजली, वीस-बावीसची, झांज छातीशी घट्ट धरलेली. अण्णांनी नमन सुरू केलं आणि हयवदनच्या लक्षात आलं, की भावाचा चेहरा कीर्तनात तो आज पहिल्यांदा बघतोय. इतकी वर्षं पुढं होती ती पाठ, खांद्यावरचं उपरणं, मानेवरचा घाम. ओळ टाकण्याआधी अण्णा डोळे मिटतात, हे त्याला माहीतच नव्हतं. देवाला विचारून घेतल्यासारखे.

अण्णांनी डोळे मिटले. ओळ टाकली. ती हॉलवरून येऊन हयवदनच्या गळ्याशी थांबली, आणि त्यानं ओठ घट्ट मिटून धरले. अर्धा श्वास काहीच झालं नाही. मग प्रांजलीनं ती उचलली. जरा उशिरा, जरा घाबरत, पण सुरात.

अण्णांनी श्वास घेतला. हयवदननं मांडीवर हलकेच ठेका धरला, शेजारच्याला ऐकू जाणार नाही इतका.