मळ्यातलं अंथरूण

धुळ्याच्या डॉक्टरांनी तिसऱ्या तपासणीला सरळच विचारलं, "काय हेमराजभाऊ, नवराबायकोचे संबंध सुरळीत?"

"एकदम बेस," म्हणत हेमराज छताकडे बघू लागला.

शेजारी बसलेली त्याची बायको कामिनी उसळली. "बठ्ठं खोटं शे, डॉक्टरसाहेब! ह्या आजून मळामा झोपतस."

चोपड्याचा हा केळीवाला पाच वर्षं हत्तीरोगाने गांजला होता. पाय धड, पण सूज आली ती नेमकी नको त्या जागी. अंडकोष नारळाएवढा झाला, लिंग सुजलेल्या कातडीत पार बुडालं. लाजेपायी त्याने केळीच्या राखणीचं निमित्त काढलं आणि अंथरूण मळ्यात हलवलं. जसे काही केळीचे घड कोणी खिशात घालून नेणार होतं! शेवटी कामिनीनेच त्याला धुळ्याला आणलं. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून सुजलेला भाग काढला, कातडी नव्याने बसवली. जखम भरून तीन महिने झाले. गडी मोटारसायकलवर बसू लागला, पॅन्ट घालू लागला. घरी झोपायला मात्र येईना.

"सकाळी ताठरता येते?" डॉक्टरांनी विचारलं.

"येते," हेमराज पुटपुटला. "महिना झाला."

कामिनी गर्रकन वळली. "महिना? आन् मले सांगं नही?"

"भ्याव वाटे," तो खाली मान घालून म्हणाला. "ऐन येळले जमनं नही तं?"

"मले वाटे, तुम्हले मीच नको शे," असं म्हणून कामिनी रडू लागली.

हेमराजने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. पाच वर्षं तो स्वतःचीच लाज सांभाळत बसला होता. बायकोला काय वाटतं, हे विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं.

"ही काय परीक्षा आहे?" डॉक्टर म्हणाले. "आज नाही जमलं तर उद्या. फक्त रोज धुऊन कोरडं ठेवा, आणि सूज वाटली तर लगेच या."

एसटीतून उतरल्यावर कामिनी तडक मळ्यात गेली आणि अंथरुणाची वळकटी डोक्यावर घेऊन गावातून निघाली. शेजारच्या सुगंधाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "काय वं, धुवाले?"

कामिनी बोलायच्या आत मागून आलेल्या हेमराजने वळकटी आपल्या खांद्यावर घेतली. "नही अक्का, आजपाईन मी घर झोपसू."

सुगंधाबाईंनी तोंडाला पदर लावला. हेमराजला त्याचं काहीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी केळी कापायला आलेले मजूर मळ्यात ताटकळले. नऊ वाजून गेले, तरी मालक घरातून निघालाच नव्हता.